बेबीला दात येताहेत

क्लेमेंटी, सिंगापूर
सोमवार, १६ जून

तीर्थस्वरूप सुबोधदादा यांस धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम.

(वर ‘यांस’ लिहिलं ते रीत म्हणून. इथून पुढे तू तो तूच.)

तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याचीही चौकशी करून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात तो दुखायला लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल. सुलेखावहिनींची शुगर ताब्यात आहे ना? त्यांनी प्रीतमबरोबर पाठवलेला काळा मसाला पोचला आणि निम्मा संपलाही. आणि तुझी कवळी? तोंडात असते की अजून शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी? मी सुखरूप आहे. इथे रोज ऊन आणि रोज पाऊस. धुणं बांबूवर अडकवून खिडकीबाहेर काढायचं आणि ढग दिसला की बांबूसकट आत ओढायचं, एवढ्यातच माझा व्यायाम होतो. पत्र का, फोन का नाही, असं तू वहिनींना विचारशील म्हणून सांगते. फोनवर तू मधे बोलतोस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तू न वाचताच अंगठा पाठवतोस. मी बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हाही तुझा अंगठाच आला होता. शिवाय आपण दीड वर्षात एकमेकांशी धड बोललेलो नाही, तेव्हा पुन्हा बोलायला लागायचं तर मला आधी एकटीला बोलू दे.

का बोललो नाही हे तू विसरला असशील. तुझी विसरायची ताकद मला माहीत आहे, त्यावर पुढे येतेच. तुझ्या नातीचं बारसं आठव. हॉल भरलेला, माईक माझ्या हातात. स्वारगेटच्या स्टँडवर एकतीस वर्षं गाड्यांची नावं पुकारलेली बाई घरात असताना नाव दुसऱ्या कोणी जाहीर करावं असा प्रश्नच नव्हता. पण तुम्ही पोरीचं नाव ठेवलंत शाश्वती. अरे, वरच्या दाढा दोन्हीकडच्या गेलेल्या, कवळी आधीच हलते, आणि एका नावात दोन दोन ‘श’! पहिला कसाबसा निघाला, दुसऱ्याला कवळीसुद्धा निघाली आणि समोरच्या घुगऱ्यांच्या ताटात पडली. माईक चालू होता, त्यामुळे पडल्याचा आवाजही मागच्या रांगेपर्यंत पोचला. लोक हसले, मी त्यांना दोष देत नाही. पण सगळ्यात मोठ्यांदा हसलास तू. तुझ्या तोंडात स्वतःचे सहा दात उरलेत, ते सगळे त्या दिवशी मी मोजले. तेव्हापासून मी लोकांत जेवत नाही. इथे माझ्या प्रीतमकडेसुद्धा तो आणि सूनबाई कामावरून यायच्या आत मी माझं भात-वरण कालवून उभ्या उभ्या गिळून घेते आणि मग भूक नाही म्हणते. मला ह्याचा कंटाळा आला आहे, दादा. मला चारचौघांत बसून, हाताने मोडून, चावून जेवायचं आहे. आणि दिवाळीनंतर एकदा, फक्त एकदा, माईक हातात धरायचा आहे. कशासाठी ते शेवटी लिहीन. आत्ता लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

तर प्रीतमने ठरवलं की आईला पक्के दात बसवायचे. पक्के म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, रात्री काढून वाटीत ठेवायचं काम नाही. बिशानला एक दवाखाना आहे, तिथली वेळ त्याने कॉम्प्युटरवरून घेतली. प्रीतम इथे जमिनीखालचे बोगदे खणणाऱ्या कंपनीत आहे आणि मिलिमीटरच्या खाली बोलत नाही, हे तुला माहीत आहे. ह्याच माणसाने आईचं नाव पासपोर्टावर आहे तसं भरलं, बेबी दादाराव वानखेडे, आणि जन्मतारखेच्या चौकटीला हात लावायचा विसरला. तिथे त्या दिवशीची तारीख आपोआप पडलेली होती. आता तू त्या कॉम्प्युटरच्या जागी स्वतःला ठेवून बघ. नाव बेबी, पुढे दादाराव, वय शून्य. आपल्याकडे नवऱ्याचं नाव मधे येतं हे त्याला कोण सांगणार? त्याने सरळ अर्थ लावला की दादाराव वानखेडे नावाच्या गृहस्थांना बाळ झालं आहे, अजून नाव ठेवलेलं नाही, आणि बाप इतका हौशी की पहिल्याच दिवशी दाताच्या डॉक्टरकडे घेऊन येतो आहे.

मी आणि सूनबाई एकता एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, गेलो, मधे ब्युओना व्हिस्टाला गाडी बदलून. (घोषणा चार भाषांत होतात. मी लक्षपूर्वक ऐकल्या. उच्चार स्वच्छ आहेत, पण दर तीन मिनिटांनी गाडी येते तिथे पुकारण्यात कसलं कौशल्य!) दवाखान्यात आम्हाला एका खोलीत बसवलं. भिंतीवर देवमासे, छताला कापडी मासे, आणि बसायला वीतभर उंचीच्या खुर्च्या. मला वाटलं परदेशात असंच असेल. काउंटरवरची मुलगी दोनदा येऊन माझ्याकडे, मग माझ्या मांडीकडे, मग एकताच्या मांडीकडे बघून गेली. शेवटी तिने विचारलं, बेबी कुठे आहे? मी म्हटलं, आय ॲम बेबी. ती हसली. तिला वाटलं म्हातारी गमत्या आहे. मग तिने कागद पुढे केला की बाळाच्या वडिलांची, मिस्टर दादारावांची, सही लागेल, ते येणार आहेत का? मी खरं ते सांगितलं, की दादारावांना जाऊन सहा वर्षं झाली. दादा, त्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही. तिने पडद्यावर पाहिलं, बाळाचं वय शून्य. मनात वजाबाकी केली. मग आत जाऊन मोठ्या बाईंना घेऊन आली. एकता तोवर खुर्चीतून घसरून जमिनीवर बसून हसत होती, तिचा काही उपयोग नव्हता. पासपोर्ट काढून, फोटो दाखवून, त्यात मीच आहे हे पटवायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात मला हत्तीचं चित्र असलेला ब्रश आणि शाबासकीचा स्टिकर मिळाला होता. तो परत घेतला नाही त्यांनी.

आणि ह्या सगळ्याला जबाबदार तू आहेस. प्रीतम नाही, कॉम्प्युटर नाही, तू. मला शाळेत घालायला आईने तुला पाठवलं होतं. बाबा कामावर, तिला ताप. घरात मला सगळे बेबी म्हणायचे, पण रजिस्टरात घालायचं नाव तिने वेगळं काढून ठेवलं होतं, आणि निघताना तुझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं होतं. वाटेत दापोडीच्या रस्त्यावर रोड रोलर खड्ड्यात अडकला होता. तो बाहेर काढेपर्यंत तू माझा हात धरून तिथे उभा राहिलास (मीही राहिले, मजा आली होती, हे नाकारत नाही). शाळेत गुरुजींनी टाक दौतीत बुडवून नाव विचारलं आणि तू छताकडे बघायला लागलास. शाई वाळायला लागली तशी तू म्हणालास, बेबी. संपलं. पुढे थोडी मोठी झाल्यावर मी आईला विचारलं की माझं खरं नाव काय होतं, तर ती म्हणाली, “ते मी तुझ्या दादाकडे दिलं होतं. त्याला विचार.” मग ती गेली, मी तेव्हा आठवीत. तुला विचारायचं मी दर वर्षी ठरवलं, आणि दर वर्षी वाटलं की ह्याला आठवत नसणार, आणि आठवत नाही हे त्याच्या तोंडून ऐकायला नको.

असो. आता दातांचं सांगते, नीट वाच, तुलाही ह्याच वाटेने यायचं आहे. आमच्या डॉक्टरीण बाईंचं नाव क्वेक. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. त्यांनी माझं डोकं एका फिरत्या मशीनमध्ये धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. वरच्या जबड्याच्या वर, गालाच्या आत, दोन्हीकडे एकेक रिकामी खोली असते, त्यात फक्त हवा. त्याला सायनस म्हणतात. (मी आयुष्यभर सर्दीला सायनस म्हणत आले.) दाढा आहेत तोवर त्या खोलीची जमीन जाड असते. दाढा गेल्या की हाड विरघळत जातं आणि खोली खाली खाली येते. माझ्या दोन्हीकडे तीनच मिलिमीटर हाड उरलंय. स्क्रू दहा मिलिमीटरचा. तीन मिलिमीटरमध्ये दहाचा स्क्रू मारला तर तो खोलीत डोकं काढणार, हे कळायला बोगद्यांचा इंजिनिअर लागत नाही. म्हणून त्या खोलीची जमीन उचलायची, आणि खाली जी जागा होईल तिथे हाडाचा भुगा भरायचा. भुग्याचं पुढे पक्कं हाड होतं. ह्याला ते सायनस लिफ्ट म्हणतात. अवघड काय, तर त्या जमिनीवर एक नाजूक पापुद्रा अंथरलेला असतो. तो उचलायचा, पण फाडायचा नाही.

आता उचलायच्या पद्धती दोन. पहिलीला मी ठोकायची म्हणते. स्क्रूसाठी खालून जे भोक पाडायचं त्याच भोकातून बोथट दांडा घालून वर हलके हलके ठोकायचं, म्हणजे जमीन पापुद्र्यासकट थोडी वर जाते. भुगा भरायचा आणि त्याच बैठकीत स्क्रूही बसवायचा. जखम लहान, सूज कमी, चार-पाच महिन्यांत दात. वाईट एवढंच की वर काय चाललंय ते डॉक्टरला दिसत नाही, आणि ठोकल्याने काही जणांना नंतर दोन-चार दिवस गरगरतं. दुसरी खिडकीची. हिरडी बाजूला करून गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी कापायची, तिच्यातून पापुद्रा डोळ्यांनी बघत बघत सोडवायचा, आणि हवा तेवढा भुगा भरायचा. गाल सुजून पुरणपोळी होतो. शिवाय हाड माझ्याइतकं कमी असेल तर लगेच स्क्रू बसत नाही. सहा महिने थांबायचं, मग स्क्रू, मग पुन्हा थांबायचं, मग दात. म्हणजे दात थेट पुढच्या एप्रिलात. दिवाळीनंतरचं माझं काम गेलं. म्हणून मी तिथल्या तिथे सांगितलं की मला ठोकायची चालेल, मी एसटीत नोकरी केलेली आहे, मला ठोकर सोसते. डॉक्टरांनी मान हलवली की तीन मिलिमीटरला त्या ठोकायचं सुचवणार नाहीत, पण घरी जाऊन विचार करा.

घरी विचार म्हणजे काय, तर वाद. प्रीतम माझ्या बाजूचा. त्याचं म्हणणं, ठेकेदार नेहमीच मोठा खड्डा खणायला सांगतो. जमिनीला जितकं कमी उघडाल तितकं बरं, हे त्याला बोगद्यांनी शिकवलंय. एकता विद्यापीठात कसल्या तरी पातळ पडद्यांवर संशोधन करते. तिचं म्हणणं, जे फाटू शकतं ते न बघता ढकलायचं नसतं. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर माझा जबडाच वाढलेला होता (ते जेवत होते, मी बघत होते). मग एकताला कुठेतरी वाचायला मिळालं की नवे डॉक्टर हे काम कच्च्या अंड्यावर शिकतात. कवच म्हणजे हाड, आतला पापुद्रा तो पापुद्रा. झालं. शनिवारी सकाळी प्रीतम खालच्या दुकानातून तीस अंडी घेऊन आला, कपाटातलं शोभेच्या वस्तू घासायचं छोटं यंत्र काढलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. एकता लांब सोफ्यावर नाकाला रुमाल लावून बसली आणि तिथून सूचना देऊ लागली. सध्या तिला अंड्याचा वास सोसत नाही, त्याचंही कारण पुढे.

प्रीतमने ठोकायची पद्धत घेतली. एकेक अंडं चहाच्या कपात उभं करून, जेवायच्या चिनी काडीचं, चॉपस्टिकचं, बोथट टोक कवचावर ठेवून, लाटण्याने टिचक्या मारायला लागला. पहिलं फुटलं. दुसरं फुटलं. तिसऱ्याला तो म्हणाला की ह्या अंड्याचा दर्जा बरोबर नाही. नऊ अंड्यांत सात फुटली आणि उरलेल्या दोनांतलं एक मागून गळत होतं. मग यंत्राने खिडकी कापून बघितली, त्यात घाईने आरपार गेला. मी म्हटलं, सरक. मी ते यंत्र धरलं आणि भाकरी थापताना कड किती पातळ झाली हे जसं बोटाला कळतं तसं कळायला लागलं, की आता कवच गुलाबी झालं, आता थांबायचं. चमच्याच्या पाठीने आतला पापुद्रा अलगद दाबत सोडवला. अंडं थरथरलं, पण फुटलं नाही. दादा, मी सहा अंडी केली आणि एकच गेलं. एकताने सोफ्यावरून टाळ्या वाजवल्या आणि लगेच रुमाल पुन्हा नाकाला लावला.

प्रीतम हार मानणारा नाही. तो म्हणाला की अंड्यावर ठोकायची पद्धत हरली ह्यात तिचा दोष नाही, कारण कवच फारच पातळ आहे. जाड हाड असतं तर तिनेच काम केलं असतं. आणि हे बोलून त्याने लाटणं खाली ठेवलं. मीही यंत्र खाली ठेवलं. कारण माझं हाडही त्या कवचाच्याच जातीचं. ज्याच्याकडे पाच-सहा मिलिमीटर आहे त्याने खालून ठोकावं, लवकर मोकळं व्हावं, त्यात काही वाईट नाही. माझ्याकडे तीन आहेत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दिवाळीनंतरचा माईक डोळ्यांपुढे होता. एकताने ते ओळखलं. ती रुमाल बाजूला ठेवून, त्या वासात, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आई, ज्याच्यासाठी घाई करताय ते थांबेल. पण दात एकदाच बसवायचेत.” मी तिच्यासाठी उठून खिडकी उघडली. पुढचे चार दिवस आम्ही भुर्जी खात होतो, आणि मीही टेबलाशी बसून खाल्ली, कारण भुर्जीला दात लागत नाहीत. दीड वर्षात पहिल्यांदा तिघं एकत्र जेवलो. प्रीतमने मला तीनदा वाढलं.

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टर क्वेकना सरळ विचारलं की तुमच्या हातून आजवर किती पापुद्रे फाटले? एकताला लाज वाटली, ती इंग्रजी करून सांगेना, तेव्हा किती फाटले हे मीच हातवारे करून विचारलं. डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, पहिल्या विसांत चार. आता पंधरा-वीसांत एखादा. लहान फाटला तर ठिगळ लावून पुढे जातात. मोठा फाटला तर बंद करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. जी बाई आपलं फाटलेलं मोजून सांगते तिच्यापुढे तोंड उघडायला हरकत नाही, असं माझ्या मनाने तिथेच घेतलं. मी त्यांना अंड्यांचा हिशेब सांगितला, सहात एक. त्या इतक्या हसल्या की मास्क खाली आला. म्हणाल्या की त्यांचं पहिलं डझन अख्खं गेलं होतं आणि त्यांची आई महिनाभर ऑम्लेट खाऊन कंटाळली होती. मग एक कागद भरायचा होता, की भुगा प्राण्याच्या हाडाचा चालेल की कारखान्यात बनवलेला हवा, धर्माची काही अडचण? मी म्हटलं, आयुष्यभर मी नळ्या चोखून हाडं बाहेर टाकली, आता एक आत राहिलं तर फिट्टंफाट होईल.

एकच गोष्ट मला भिववते, आणि ती आपल्या घराण्याची आहे. हे काम झाल्यावर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, विमानात बसायचं नाही, आणि शिंक आली तर दाबायची नाही. तोंड सताड उघडून सोडायची, नाहीतर आतली हवा भुगा उडवून लावते. आता आपल्याकडे शिंका सात येतात. बाबांना सात, तुला सात, मला सात. आणि आपण लहानपणापासून शिकलो तोंडावर हात ठेवून शिंकायला. मी रोज सकाळी आरशासमोर तोंड उघडून शिंकायचा सराव करते आहे. काल एमआरटीत खरी आली. सातही सताड तोंडाने सोडल्या. डबा रिकामा झाला, पण भुगा असता तर जागेवर राहिला असता.

तर असं आहे. तू मला भित्री म्हणायचास, दाढ काढायला नेलं तेव्हा मी दवाखान्याच्या खिडकीतून उडी मारली होती म्हणून. आता बघ, खिडकी माझ्याच तोंडात कापून घेते आहे. दोन्ही पद्धतींचं मी तुला एवढं सोपं करून सांगितलं आहे, त्यातली तुझी कुठली ते तुझं हाड मोजल्यावर कळेल. घाबरायचं काही कारण नाही. वहिनींना नमस्कार, शाश्वतीला पापा, गुडघ्याला तेल.

तुझी (रजिस्टरातली),
बेबी

ता. क. – वर मी लिहिलंय ते सगळं झाल्यासारखं वाटेल. झालेलं काही नाही. माझं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे, आणि माझा आजवरचा अनुभव अंड्यांपुरताच आहे. मला खूप भीती वाटते आहे. हे प्रीतमला सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे. पत्र तुला गुरुवारपर्यंत पोचणार नाही म्हणून ह्याचा फोटो काढून एकता वहिनींच्या फोनवर पाठवते आहे, तुझ्या नाही. गुरुवारी सकाळी तुमच्या साडेसहाला मला फोन कर. काही विचारू नकोस. फक्त हसवू नकोस.

आणखी एक – एकताला चौथा महिना आहे. नोव्हेंबरात होईल. प्रीतमला बहीण नाही, म्हणून आत्याचं कामही माझ्याचकडे आलंय: नाव मी ठरवायचं आणि मी जाहीर करायचं. ह्यासाठीच मला दिवाळीनंतर दात हवे होते. आता बारसं एप्रिलात, माझे दात बसले की. कागदावर नाव आधी लागेल ते लिहू, पण पुकारायचं तेव्हाच. एकता म्हणते, तोवर सगळे बेबी म्हणतील. मला तीच धास्ती आहे, कारण हे नाव चिकटतं, सदुसष्ट वर्षं सुटत नाही. म्हणून तुला विचारते, पहिल्यांदाच विचारते. मुलगी झाली तर मला आईने माझ्यासाठी काढलेलं नाव तिला ठेवायचं आहे. ते तुझ्याकडे दिलेलं आहे. रोड रोलरपासून सुरुवात कर, उलटं शाळेकडून घराकडे चालत ये, आईच्या खाटेशी उभा राहा आणि तिसऱ्यांदा काय म्हणालास ते आठव. तुझ्याकडे दहा महिने आहेत. नाहीच आठवलं तर खोटं रचू नकोस, तसं सांग. मी रागावणार नाही. मला बेबी म्हणणारा आता तू एकटाच राहिला आहेस, बाकी सगळ्यांची मी आई नाहीतर ऑन्टी आहे, तेव्हा त्या नावाचंही मला वाईट वाटत नाही.

सगळ्यात शेवटचं – आत्ता पाकीट चिकटवताना दवाखान्याचा मेसेज आला. माझी मोठ्यांची फाइल झाली, पण बाळाची फाइल कोणी बंद केलेली नाही. लिहिलंय, बेबीला पहिला दात आला की आई किंवा वडिलांनी बरोबर घेऊन यावं. आई-बाबा नाहीत. दादारावही नाहीत. शाळेत नेलं होतंस तसं ह्या खेपेलाही तुलाच न्यावं लागेल. एप्रिलात ये. वाटेत कुठे थांबू नकोस.